नाव मुलाचं, चेहरा बापाचा

"अहो, नुसतं बघून सांगा ना, खरं की खोटं?" फोनवर नाण्याचा फोटो येतो आणि मागोमाग हा प्रश्न. मी सांगत नाही. मग म्हणतात, भाव खातो. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच लिहितो.

शेजारचे अण्णा एक नाणं घेऊन आले होते. त्यांचे आजोबा जहाजावर खलाशी. स्पेनच्या राजाचं आठ रेआलचं (रेआल म्हणजे स्पेनचं जुनं चलन), तेव्हा स्पेनच्याच ताब्यातल्या मेक्सिकोच्या टांकसाळीतलं: 'एम' आणि त्याच्या डोक्यावर बारीक 'ओ'. साल १७८९. नाव चौथ्या कार्लोसचं, पण ते लांबलचक नाक सरळसरळ तिसऱ्याचं. तिसरा तर डिसेंबर १७८८ मध्येच वारलेला! मी भिंग खाली ठेवलं. "अण्णा, नकली आहे." कडेवरची गोल-चौकोनांची नक्षी बघितली नाही, वजन केलं नाही.

"चांदी तरी आहे ना?"

"असेल."

आठवड्याने अण्णा पेढे घेऊन आले. जुन्या वाळ्यांबरोबर तेही आटवून नातीला पैंजण केले होते. "सोनार म्हणाला, चांदी चांगली निघाली. एकटं नाणंच २६.८ ग्रॅम भरलं." या नाण्याचं मूळ वजन २७ ग्रॅमच्या जरासं वर. झीज धरा. पेढा माझ्या घशाखाली उतरेना.

पुढे वाचलं. नव्या राजाचे ठसे समुद्रापार पोचेपर्यंत टांकसाळ थांबवायची नाही, नाव नवं घाला, चेहरा जुनाच राहू द्या, असा चक्क हुकूम होता. मेक्सिकोत १७९० पर्यंत तशीच नाणी पडली.

तेव्हा माझ्याकडे धड पुस्तक नव्हतं, हे खरं. पण "उद्या सांगतो" म्हणायला पुस्तक कशाला लागतं? मला हुशारी दाखवायची होती. तसं तर या नाण्यांच्या चांदीतल्या नकलाही होत्या, तेव्हा कदाचित माझंच बरोबर असेल. सुरतेच्या टांकसाळीत असली स्पॅनिश चांदी रुपयांसाठी वितळतच होती, त्यात आणखी एक गेलं, असंही म्हणून पाहिलं. मग तो २६.८ आठवतो.

अण्णांना अजून सांगितलेलं नाही. नात कॉलेजात जाते. परवा जिन्यात भेटली, तर माझी नजर आधी तिच्या पायांकडे गेली. तिने बूट घातले होते.