तुम्ही विचारलंत म्हणून: सणाला कोरडी भाकर का?

दरवर्षी मार्च-एप्रिलमध्ये ऑफिसात डबा उघडला की कोणीतरी विचारतंच, अरे तुमचा पेसाख एवढा मोठा सण, इजिप्तच्या गुलामीतून सुटलात त्याचा, मग गोडधोड सोडून हे पापडासारखं कोरडं काय खाताय? मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला मराठी ज्यू, मूळ अलिबागकडचा, आणि इतकी वर्षं माझं ठरलेलं उत्तर, पळताना पीठ फुगायला वेळ मिळाला नाही म्हणून बिनखमिराची भाकर, मात्सा. चूक नाहीये, पण अर्धंच आहे. पूर्वी आमच्या लोकांनी कोकणात तेलाचे घाणे चालवता चालवता बरंच काही विसरून टाकलेलं, पेसाखला अनाशी ढाकाचा सण म्हणायचे, आंबट रसाचं मडकं तेवढे दिवस झाकून ठेवायचे, का ते माहीत नाही पण झाकायचे. माझं उत्तरही तसलंच होतं.

तोरामध्ये, म्हणजे आमच्या मूळ धर्मग्रंथात, मात्साला ‘लेहेम ओनी’ म्हटलंय, म्हणजे गरिबीची, हालाची भाकर. सणाच्या पहिल्या रात्री, सेदेरला, म्हणजे विधीच्या जेवणाला, ताटात तीन मात्सा असतात, त्यातली मधली मोडतात आणि मोठा तुकडा फडक्यात गुंडाळून नंतरसाठी ठेवतात. लहानपणी मला तो निव्वळ लपवाछपवीचा खेळ वाटायचा. तालमूद, म्हणजे आमच्या जुन्या पंडितांच्या चर्चांचा ग्रंथ, म्हणतं, गरिबाला अख्खी भाकर कुठली, त्याच्या वाट्याला तुकडाच, म्हणून आपणही त्या रात्री तुकडाच हातात घ्यायचा. आणि गंमत बघा, हातात उरलाय तो लहान तुकडा, नि लगेच म्हणायचं काय, तर जो भुकेला असेल त्याने यावं नि जेवावं, ज्याला गरज असेल त्याने यावं नि पेसाख करावा! हे बोलावणं हिब्रूत नाही, अरामीत आहे, कारण एकेकाळी गल्लीबाजारात तीच भाषा चालायची, उपाशी माणसाला कळायला नको का. 1874 साली पुण्यात छापलेल्या आमच्या हागादात, म्हणजे त्या रात्री वाचायच्या पोथीत, ते मराठीतही आहे, त्यातल्या चित्रात मात्सा करणाऱ्या बायका चक्क साड्या नेसलेल्या आहेत.

पण खरं सांगू का, तिसऱ्या मजल्यावर दार लावून, खाली वॉचमन बसलेला असताना हे म्हणायला मला कसंतरीच होतं. ऐकणार कोण? म्हणून खरं काम सणाच्या आधीचं. ‘माओत हित्तीम’, म्हणजे गव्हाचे पैसे, गावोगाव गोळा करून गरिबांकडे आधीच पोचवायचे. मिश्ना, म्हणजे तालमूदचा जुना नियमांचा गाभा, तर सांगते की अगदी गरिबातल्या गरिबानेही त्या रात्री रेलून बसल्याशिवाय जेवू नये आणि त्याला वाइनचे चार प्याले मिळालेच पाहिजेत, भले ते गावच्या अन्नछत्रातून द्यावे लागोत. रेलून बसणं हा तेव्हाच्या स्वतंत्र माणसाचा थाट, म्हणजे नुसतं पोटाला घालून भागत नाही, हे मला फार आवडतं. आणि मैमोनिदीस, मध्ययुगातला मोठा ज्यू पंडित, जो स्वतः इजिप्तमध्येच राहायचा, तो तर सरळ लिहितो की दारं लावून फक्त बायकापोरांबरोबर खाणाऱ्याचा आनंद हा सणाचा नव्हेच, पोटाचा.

पूर्व युरोपातल्या ब्रिस्क गावच्या एका रब्बींची, म्हणजे ज्यू धर्मगुरूंची, गोष्ट सांगतात. एक बाई विचारायला आली, चार प्याले वाइनऐवजी दुधाचे चालतील का? रब्बींनी उत्तरच दिलं नाही, भरपूर पैसे दिले. बायको म्हणाली, अहो वाइनला एवढे कशाला? तर म्हणाले, दुधाचं विचारतेय म्हणजे घरात मटणही नाहीये. (आमच्यात दूध आणि मटण एका जेवणात चालत नाही.)

माझ्या आजीने ही गोष्ट ऐकलेली असणं शक्य नाही. सणाला आमच्याकडे तांदूळ चालतो, तर आठवडाभर आधी ती तांदळाच्या पिठाचा एक डबा भरून मागच्या दाराने मला गल्लीतल्या एका विधवा काकूंकडे पाठवायची आणि बजावायची, काही विचारलं तर सांग, तुमचा डबा आमच्याकडे राहिला होता. मला कित्येक वर्षं वाटायचं, कुणाचा डबा कुठला तेच आजीच्या लक्षात राहत नाही.