ड्राय कँप

कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅली नॅशनल पार्कात कँपिंगला चाललोय म्हणलं की समोरचा पहिलं हेच विचारतो, अरे उकडून मराल ना. 1913 च्या जुलैमध्ये फर्नेस क्रीकला 56.7 अंश तापमान नोंदवलं गेलं, तेवढा एक आकडा सगळ्यांना पाठ असतो. पण आम्ही जातो हिवाळ्यात, आणि ते होमस्टेक नावाचं कँपग्राउंड आहे पार वर, समुद्रसपाटीपासून हजारेक मीटरवर, तिथं रात्री स्लीपिंग बॅगमधून नाक बाहेर काढवत नाही. उबेहेबे क्रेटर या ज्वालामुखीच्या विवरापाशी डांबरी रस्ता संपतो आणि पुढं कँपजवळच्या रेसट्रॅक नावाच्या मैदानापर्यंत 27 मैल नुसता खडखडाट, दगड असे धारदार की चांगले टायर नसतील तर जाऊच नये. एवढं हाडं खिळखिळी करून पोचायचं कुठं, तर जिथं नळ नाही, दुकान नाही, मोबाइलला रेंज नाही. म्हणूनच नाव ड्राय कँप.

मला विचाराल तर तिथला खरा उद्योग म्हणजे पाणी मोजणं. पार्कवाले सांगतात माणशी दिवसाला किमान एक गॅलन, म्हणजे साधारण पावणेचार लिटर, शिवाय गाडीत जास्तीचं ठेवा. मी सोलापूरचा, आमच्याकडं नळाला चार-पाच दिवसांनी पाणी यायचं आणि आई पिंपात नुसतं डोकावून सांगायची, परवापर्यंत पुरेल. ती नजर माझ्यात आलीय बहुतेक, कॅन हलवला की कळतं किती राहिलंय. खिचडीचे तांदूळ धुतलेलं पाणी मी फेकू देत नाही, त्यात आधी ताटल्या विसळायच्या, मग टिश्यूनं पुसायच्या, आणि शेवटी चमचाभर चांगलं पाणी फिरवायचं, बास. कुकरला तळाशी लागलेलं असेल तर त्यात चहाच्या कपभर पाणी घालून झाकून ठेवायचं, सकाळी आपोआप सुटतं. (खिचडी तळाला लागू नये हा उपाय बायकोनं सुचवलाय, तो वेगळा विषय.)

आमच्यातला एक मित्र चिपळूणचा. हा माणूस बाटली उघडी धरून दात घासतो! लहानपणापासून छपरावरून धो धो पडताना बघितलेलं, त्याला काय सांगणार. रात्री एक कांगारू रॅट, म्हणजे वाळवंटातला छोटा उंदीर, टुणटुण उड्या मारत आमच्या स्टोव्हपाशी आला, तर हा लगेच बशीत पाणी ओतायला निघाला. म्हणलं बाबा, एक तर इथं प्राण्यांना काही द्यायचं नसतं, आणि दुसरं म्हणजे तो जन्मभर पाणी न पिता राहू शकतो, कोरड्या बिया खातो त्यातूनच त्याच्या शरीरात लागेल तेवढं पाणी तयार होतं. मित्र म्हणाला, मग तुमच्याच गावचा दिसतोय.

आणि गंमत बघा, एवढ्या कोरड्या जागेत जे बघायला लोक येतात ते केलंय पाण्यानंच. रेसट्रॅक म्हणजे भेगाळलेल्या मातीचं सपाट मैदान, त्यावर दगड पडलेत आणि प्रत्येकामागं लांबच लांब चर, कुणीतरी ओढत नेल्यासारखा. काही दगड तर शेकडो किलोचे. वर्षानुवर्षं लोकांनी वादळापासून परग्रहवासीयांपर्यंत काय काय तर्क लढवले. शेवटी 2013 च्या डिसेंबरात रिचर्ड आणि जेम्स नॉरिस या चुलतभावांनी ते डोळ्यांनी बघितलं, 2014 मध्ये त्यांचा शोधनिबंध आला. कधीतरी पाऊस पडून मैदानात वीतभरही नाही एवढं पाणी साठतं, रात्री वर काचेसारखा पातळ बर्फ धरतो, सकाळी ऊन लागलं की तो फुटतो आणि साध्या वाऱ्यानंसुद्धा त्याचे तुकडे दगडांना ढकलत नेतात, मिनिटाला काही मीटर इतकंच. आता असा दिवस सापडायचा कधी! आणि ओल्या मैदानात पाय टाकायचा नाही असा नियम आहे, चिखलात उठलेला बूट वर्षानुवर्षं तसाच राहतो. तरी ठसे दिसतातच, काही लोकांना कितीही सांगा.

बरं, पाणी जास्त झालं तरी पंचाईतच. 2023 च्या ऑगस्टमध्ये हिलरी वादळानं एका दिवसात वर्षभराचा पाऊस पाडला, रस्ते वाहून गेले, पार्क जवळजवळ दोन महिने बंद. पुढच्या फेब्रुवारीत लोक डेथ व्हॅलीतल्या बॅडवॉटर या सखल भागात साठलेल्या पाण्यात कयाक (छोटी होडी) चालवत होते.

पुढची ट्रिप ठरतीये. चिपळूणकरांना आधीच बजावलंय की स्वतःचा कॅन स्वतः आणायचा, वर नाव घालायचं, आणि बिअर पाण्याच्या हिशोबात धरली जाणार नाही.