सोनेरी कडेचा कप

आमच्याकडे लग्नात आलेला एक टी-सेट आहे, सोनेरी कडेचा. सहापैकी चार कप उरलेत, त्यातल्या दोघांचं सोनं घासून घासून गेलंय आणि तिसऱ्याचं मी एका झटक्यात घालवलं, चहा गरम करायला मायक्रोवेव्हमधे ठेवला आणि आत दिवाळी! आई फक्त "घाल अजून आत" एवढंच म्हणाली.

पण कपावरची निळी फुलं बघा, जशीच्या तशी. असं का, ते मला कळलं इराणमधल्या काशानच्या वाडग्यांचे फोटो बघताना. मिनाई म्हणतात त्या भांड्यांना, दागिन्यांवरचा आपला मीना तोच. त्या काळचं नाव मात्र हफ्त रंग, हफ्त म्हणजे सात, आपला हप्ता तिथूनच आला (आमच्या फ्रीजचा महिन्यातून एकदा जातो ते सोडा). बाराव्या शतकाच्या शेवटी हे काम जोरात होतं, अबू झैद नावाच्या कारागिराने तर ११८६ साली सही-तारखेसकट वाडगे केलेत, आणि १२२० च्या आसपास मंगोल स्वाऱ्यांच्या धामधुमीत सगळं थंडावलं.

काशानच्या कुंभारांना चिनी भांड्यांसारखं पांढरंशुभ्र हवं होतं पण तशी माती नव्हती, मग काय, गारगोटी दळली! दहा भाग गारगोटी, एक भाग काचेची पूड, एक भाग पांढरी माती, हे प्रमाण काशानच्याच कुंभार घराण्यातल्या अबुल कासिमने १३०१ मधे लिहून ठेवलंय. निळा, फिरोजी, जांभळा हे रंग ग्लेझबरोबरच, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या थराबरोबर, मोठ्या आचेवर भाजायचे, ते आत मुरतात पण कडेने जरा पसरतात. लाल, काळा, पांढरा आणि सोनं नंतर वरून लावायचं आणि कमी आचेवर पुन्हा भट्टी. म्हणून तर वाडग्यांवरच्या चंद्रासारख्या गोल चेहऱ्यांच्या माणसांच्या भुवया केसाएवढ्या बारीक काढता आल्या, आणि म्हणूनच झिजतं तेही आधी तेच, वरचं.

वॉशिंग्टनच्या फ्रीअर संग्रहालयात एक पेला आहे, जेमतेम १२ सेंटीमीटर उंच, म्हणजे आपल्या पाण्याच्या भांड्याएवढाच. त्यावर शाहनामा या फारसी महाकाव्यातली बिझन आणि मनीझा या प्रेमिकांची गोष्ट, तीन ओळींत चौकटी चौकटी करून, अगदी कॉमिकसारखी. बिझनला विहिरीत टाकतात, वर भलामोठा दगड, मनीझा त्याला फटीतून खाऊ घालत राहते आणि शेवटी महावीर रुस्तम येऊन दगड उचलतो. शाहनाम्याच्या आज सापडणाऱ्या सगळ्यात जुन्या सचित्र पोथ्या साधारण १३०० च्या सुमाराच्या, हा पेला त्याच्याही आधीचा. कुणीतरी हे हातात घेऊन, फिरवत फिरवत गोष्ट वाचत काहीतरी प्यायलं असणार ना!

आता गंमत म्हणजे यातली बहुतेक भांडी तुकड्यांतच सापडली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विकणाऱ्यांनी ती जोडली, भोकं बुजवली, कुठे दुसऱ्याच वाडग्याचा तुकडा बसवला आणि पुसलेले चेहरे सरळ रंगवून टाकले. वाचून आधी मला जाम राग आला, ही तर फसवणूकच. राग अजूनही आहे, पण जोडण्याबद्दल नाही, नवीन चेहऱ्यांबद्दल. तुटलेलं तुटलेलं दिसू द्यावं की.

आमच्या चौथ्या कपाचं सोनं शाबूत आहे पण कान फेविक्विकने चिकटवलाय, पिवळट रेघ लांबूनही दिसते. पाहुणे आले की तो कप गुपचूप माझ्यापुढे सरकवला जातो आणि मी कान न धरता, दोन्ही हातांनी धरून चहा पिते.