आजोबांचे ५०१ रुपये

आमच्याकडे गणपतीची वर्गणी पाच जण गोळा करतात, त्यांतले एक आजोबा, आणि हिशोबही तेच करतात, पेन्सिलनं, जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर. यंदा मी कॉलेजात सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकतेय म्हटल्यावर सगळ्यांनी ठरवूनच टाकलं की बेरीज पोरगी करेल. मीही जोशात हो म्हटलं. पाचही जणांना सांगितलं, साधी टेक्स्ट फाइल करा, एका ओळीत एक आकडा, नावं-बिवं काही नको. दोन दिवसांत इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घरी पाच फाइली जमल्या.

बेरजेच्या आधीच्या प्रोग्राममध्ये फाइलीचं नाव मी कोडच्या आतच लिहिलं होतं, म्हणजे दर वेळी कोड उघडा, नाव बदला, परत कंपाइल करा, म्हणजे कोडचा चालणारा प्रोग्राम बनवा, आणि पाच उत्तरं परत कागदावर मिळवा, मग आजोबांची पेन्सिल काय वाईट? म्हणून आर्गसी-आर्गव्ही. टर्मिनलवर प्रोग्रामच्या नावापुढे फाइलींची नावं टाइप करायची, ती एकेक करून आर्गव्ही नावाच्या यादीत येतात आणि एकूण किती आली तो आकडा आर्गसीत. पाच फाइली दिल्या तर आर्गसी ६ असतो, कारण शून्य नंबरवर प्रोग्रामचं स्वतःचंच नाव बसलेलं असतं. हे वर्गात सांगितलं होतं, वहीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे, तरी मी लूप, म्हणजे तेच काम परत परत करणारा कोडचा भाग, शून्यापासूनच सुरू केला.

मग काय, प्रोग्रामनं स्वतःचीच फाइल उघडली आणि तिच्यात वर्गणी शोधायला बसला. पहिलंच अक्षर आकडा नाही, म्हणून फाइलीतून आकडा वाचणारा एफस्कॅनएफ तिथेच अडला, पुढे सरकेना, आणि लूप बिचारा फाइल कधी संपतेय याची वाट बघत गोल गोल फिरतोय. स्क्रीनवर काही नाही, लॅपटॉपचा पंखा घूं घूं. मला वाटलं मोठा हिशोब आहे, वेळ लागत असेल, मी पोहे खाऊन आले. कसला मोठा, सगळ्या मिळून जेमतेम सत्तर ओळी! शेवटी कंट्रोल सी दाबून बंद केला.

लूप एकापासून केला आणि धाडकन बेरीज आली. आजोबांनी चष्मा वर केला, आपल्या पानाकडे बघितलं, म्हणाले, "५०१ जास्त आहेत गं."

मी म्हटलं, "तुम्हीच परत मिळवून बघा ना आजोबा."

त्यांनी मिळवलं. ५०१ जास्तच होते. मग मी प्रत्येक फाइल एकटी चालवून बघितली, तर चार बरोबर आणि फक्त आजोबांच्या फाइलीत गडबड, आणि त्यांच्या यादीत शेवटचा आकडा त्यांचा स्वतःचा, ५०१. "मी एकदाच दिलेत हं," असं त्यांनी दोनदा सांगितलं.

आजोबा आयुष्यभर टाइपरायटरवर काम केलेला माणूस, ओळ संपली की ती पुढे सरकवणारच. त्यामुळे शेवटच्या आकड्यानंतरही एंटर. बाकी चौघांनी आकडा टाकून तसंच सेव्ह केलेलं. माझा लूप होता 'फाइल संपली नसेल तोवर वाच आणि मिळव' असा. पण फाइल संपली का ते सांगणाऱ्या एफईओएफला ती संपलीय हे वाचायला जाऊन टक्कर बसल्याशिवाय कळत नाही. चौघांच्या फाइलीत शेवटचा आकडा वाचता वाचताच टोक लागलं. आजोबांच्यात एक एंटर उरला होता म्हणून लूप आणखी एकदा फिरला, हाती नवा आकडा आला नाही, रकमेच्या डब्यात जुनाच ५०१ पडलेला, तोच परत मिळवला. भिया, यावर माझी अख्खी दुपार गेली!

उपाय एका ओळीचा निघाला: एफस्कॅनएफनं १ परत दिला, म्हणजे खरंच एक आकडा मिळाला, तोवरच लूप फिरवायचा आणि मिळवायचं. फाइल उघडणाऱ्या एफओपननं नल दिला, म्हणजे फाइल उघडलीच नाही, तर फाइलीचं नाव छापून पुढच्या फाइलीवर जायचं, हेही तेव्हाच घातलं. बेरीज आजोबांशी जुळली.

रात्री काकांनी सुधारलेली फाइल पाठवली, नाव 'वर्गणी नवीन फायनल', मध्ये ऐसपैस जागा सोडून. ते नाव टर्मिनलवर तसंच टाइप केलं तर तीन वेगवेगळ्या फाइली मिळत नाहीत म्हणून तीन तक्रारी छापून आल्या. अवतरणचिन्हात घातल्यावर उघडली. तिच्यात काकांनी प्रत्येक आकड्याआधी नाव लिहिलं होतं, त्यामुळे त्यांची वर्गणी आली शून्य.