कीबोर्डचं सस्टेन पेडल गिटारच्या डिलेला जोडलं: माझा अनुभव

घरात कीबोर्डचं एक जादाचं सस्टेन पेडल (दाबून धरलं की सूर लांबवणारं) पडून होतं आणि मला डिलेच्या (गिटारचा आवाज प्रतिध्वनीसारखा परत परत ऐकवणारी डबी) टॅप टेम्पोसाठी, म्हणजे पायाने ताल देऊन त्या प्रतिध्वनींचा वेग ठरवायला, वेगळा फूटस्विच हवा होता. डिलेच्या मागे टॅपचा पाव इंची जॅक आहेच, पेडलची पिनपण पाव इंचीच, मग नवीन घेण्याआधी हेच चालतंय का बघू म्हटलं. चाललं, पण थोडी खटपट करावी लागली. ती सविस्तर लिहितोय कारण असं पेडल बऱ्याच जणांच्या कपाटात धूळ खात पडलेलं असतं आणि कीबोर्डचं गिटारला चालत नाही असं कुणीतरी छातीठोकपणे सांगितलं की माणूस तो विषयच सोडून देतो.

आता सस्टेन पेडल म्हणजे काय, तर दाराच्या बेलचं बटण. आत बॅटरी नाही, सर्किट नाही, नुसता एक स्विच, पाय ठेवला की एक अवस्था आणि काढला की दुसरी. डिलेच्या टॅप जॅकवर आतून थोडंसं व्होल्टेज येत असतं, स्विचने पिनची टिप (टोक) आणि स्लीव्ह (मागचा दांडा) जोडली की ते शून्यावर येतं आणि डिलेला कळतं की टॅप झाला, बास एवढंच. फक्त पिन बघून घ्या, एकच काळी रिंग असेल तर साधा स्विच. दोन असतील तर ते बहुतेक हाफ पेडलवालं (अर्धं दाबलेलंही ओळखणारं) किंवा डबल पेडल असतं, त्याची गोष्ट वेगळी.

तर जोडलं, डिलेवरचा दिवा टॅपबरोबर लुकलुकायला लागला, म्हटलं झालं काम. पण ड्रम लूप लावून वाजवायला घेतलं तर रिपीट (डिलेचे प्रतिध्वनी) कधी बरोबर पडायचे, कधी जरासे मागेपुढे. पाय तर तालात पडत होता. मग पेडल एकदम हळू दाबून बघितलं, आणि खरा प्रकार तेव्हा लक्षात आला, दिवा पाय दाबताना नाही तर उचलताना टॅप धरत होता.

याचं कारण पोलॅरिटी. काही पेडल नॉर्मली ओपन असतात, म्हणजे दाबल्यावर जोडणी होते, आणि काही नॉर्मली क्लोज्ड, म्हणजे एरवी जोडलेलं आणि दाबलं की तुटतं. यामाहाची पेडल नॉर्मली क्लोज्डवाली. कीबोर्डला याने सहसा काही फरक पडत नाही कारण चालू होताना बरेच कीबोर्ड पेडलची अवस्था वाचून घेतात आणि तीच न दाबलेली असं धरून चालतात (म्हणून तर कीबोर्ड ऑन करताना पेडलवर पाय ठेवू नका म्हणतात). माझा डिले काही असं वाचत नाही, त्याला जोडणी झाली की टॅप एवढंच माहीत, आणि माझ्या पेडलमध्ये जोडणी व्हायची पाय उचलल्यावर.

कुणी म्हणेल त्याने काय बिघडलं, दोन टॅपमधलं अंतर तर तेवढंच राहतं. राहतं, पण पाय प्रत्येक वेळी सारखाच वेळ दाबलेला राहिला तर. तालात पाय टाकायची आपल्याला सवय असते, तालात उचलायची नसते. हिशोब करून बघा, ६० हजार भागिले बीपीएम (मिनिटाला किती बीट), म्हणजे १२० च्या लयीला एक बीट ५०० मिलिसेकंदांची. उचलताना ३० मिलिसेकंदांची गडबड झाली आणि डिलेने ४७० धरले तर चौथा रिपीट येईपर्यंत १२० मिलिसेकंदांचा फरक पडलेला असतो, आणि तो कुणालाही ऐकू येतो. लूपरला (वाजवलेलं रेकॉर्ड करून पुन्हा पुन्हा ऐकवणारी डबी) असं उलटं पेडल लावलं तर आणखी घोळ, कारण तिथे दाबून धरलं की लूप पुसायचा अशी सोय असू शकते आणि त्या बिचाऱ्याला तर पेडल सतत दाबलेलंच दिसणार.

काही पेडलना खाली पोलॅरिटीचा छोटा स्विच असतो, एम-ऑडिओच्या एसपी-२ ला आहे, बॉसच्या एफएस-५यू लाही आहे, तो सरकवला की विषय संपला. माझ्याला नव्हता म्हणून उघडायचं ठरवलं. त्याआधी मल्टीमीटर बझरवर (जोडणी असली की बीप) ठेवून एक टोक टिपला आणि एक स्लीव्हला लावलं, काही न दाबता बीप वाजत राहिला आणि दाबल्यावर बंद झाला, म्हणजे शंका उरली नाही.

खालचे स्क्रू काढले, आत एक जाड स्प्रिंग, थोडी मळकट ग्रीस आणि कोपऱ्यात बोटाच्या पेराएवढा काळा मायक्रोस्विच. त्याला तीन पाय, अंगावर बारीक अक्षरात लिहिलेलं कॉम (सामाईक), एनओ (नॉर्मली ओपन), एनसी (नॉर्मली क्लोज्ड). वायरी दोनच, एक कॉमला आणि एक एनसीला, एनओ रिकामा. एवढं सोपं असेल असं वाटलं नव्हतं, मला भारी आनंद झाला! एनसीवरची वायर सोडवली, एनओला सोल्डर केली, बंद करायच्या आधी परत मीटर लावला, आता दाबल्यावर बीप. सगळ्याच पेडलमध्ये मायक्रोस्विच नसतो, काहींत नुसत्या पत्र्याच्या पट्ट्या असतात, त्या वाकवत बसण्यापेक्षा पोलॅरिटीवालं दुसरं पेडल घेतलेलं बरं.

आता टॅप पाय पडताक्षणी लागतो आणि रिपीट लूपवर चिकटून बसतात. फरशीवर पेडल सरकायचं, त्याला खालून वेल्क्रो लावून बोर्डवर बसवलं.

मग किल स्विच म्हणून पण वापरून बघितलं, तीन जॅक एकत्र जोडलेल्या डबीत गिटार, अँप आणि हे पेडल, दाबलं की सिग्नल ग्राउंड, आवाज गप्प. गिटारला याचा त्रास नाही, व्हॉल्यूम शून्यावर नेला की तेच होतं. पण पेडलची वायर शिल्डवाली (बाहेरचा गोंगाट अडवणारं आवरण असलेली) नाही, त्यामुळे डिस्टॉर्शन लावलं की घूंSS असा हम येतो, म्हणून ते सोडून दिलं. आणि अँपच्या स्पीकर आउटपुटला असला प्रयोग चुकूनही करू नका, अँप जाऊ शकतो.

अँपचं चॅनेल बदलायला हे पेडल सहसा चालत नाही, तिथे बहुतेक वेळा लॅचिंग स्विच लागतो, एकदा दाबला की तसाच राहणारा. आणि कीबोर्डचं एक्स्प्रेशन पेडल (पायाने आवाज वगैरे हळूहळू कमी-जास्त करायचं) लावणार असाल तर आधी वायरिंग बघा, यामाहा आणि रोलंडच्या पिनवर टिप आणि रिंग (दोन काळ्या रिंगांमधला धातूचा भाग) उलटसुलट असतात, सरळ जोडलं तर पेडल धड चालत नाही. टिप-रिंग अदलाबदल केलेली छोटी केबल करून घेतली की जमतं.