आमची वाटचाल : फक्कीच्या रेघांपासून

दापोली तालुक्यात घरं बांधायला लागून आम्हाला सोळा वर्षं झाली. वडील गवंडी होते. चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं, काम मी त्यांच्याच हाताखाली शिकलो. धंदा सुरू केला तेव्हा जवळ चार माणसं, भाड्याचा मिक्सर आणि वडिलांचा ओळंबा एवढंच होतं.

पहिलंच मोठं घर माझं चुकलं. मालक मुंबईचे, नकाशा तिथूनच करून आणलेला. सपाट स्लॅब, वर गच्ची. आमच्याकडे पावसाळ्यात 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, गच्चीवर पाणी तुंबणार हे मला कळत होतं. पण काम हातचं जाईल म्हणून बोललो नाही. दुसऱ्याच पावसात हॉलच्या छताला ओल आली. शेवटी वर पत्र्याची शेड घातली, निम्मा खर्च मी सोसला. तेव्हापासून पटलं नाही तर पहिल्याच बैठकीत सांगतो. त्यापायी दोन कामं गेलीसुद्धा.

इकडच्या घराचं गणितच वेगळं. अकरा महिने घरात म्हातारी दोघं, आणि गणपतीत तीन भावांची बिऱ्हाडं मिळून तीस माणसं. खोल्या वाढवून हे सुटत नाही. त्या वर्षभर बंद राहतात, त्यांना बुरशी धरते, झाडायलाही कोणी नसतं. म्हणून निजायच्या खोल्या दोनच ठेवतो, ओटी आणि माजघर मोठं करतो, मध्ये घडीचं दार. पडवीची लांबी पंगतीवरून काढतो. माणशी 2 फूट धरले की 24 फुटांत बारा पानं बसतात.

कागदावरचा नकाशा घरातल्या सगळ्यांनाच वाचता येतो असं नाही. त्यासाठी पाया खणण्याआधी आम्ही जागेवर फक्कीने, म्हणजे पांढऱ्या भुकटीने, पूर्ण मापाची आखणी करतो. दारांच्या जागा मोकळ्या सोडतो आणि घरातल्या प्रत्येकाला त्यातून चालायला लावतो. हर्णैच्या बाजूच्या एका घरी आजी पदर खोचून सरळ स्वयंपाकघराच्या चौकोनात गेल्या आणि ओट्याच्या जागी उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "अरे, इथून बेडं दिसत नाही. कोण आलं-गेलं मला कसं कळायचं?" बेडं म्हणजे अंगणाचं फाटक. मुलगा म्हणाला, "आई, बेल लावू." त्या काही बोलल्या नाहीत, तिथेच उभ्या राहिल्या. मी पायाने रेघ पुसली, कोठीची खोली मागे नेली, स्वयंपाकघर पुढे घेतलं आणि बेड्याच्या दिशेला खिडकी काढली. अर्धा तास गेला आणि थोडी फक्की. जोतं झाल्यावर हाच बदल करायचा तर भिंत फोडावी लागली असती.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं. आम्ही बांधलेल्या घरांच्या भिंती उभ्या राहिल्या, कौलं मात्र गेली. त्या पावसाळ्यात नवं काम घेतलं नाही, आधी तीच घरं शाकारून दिली. आता भिंतीच्या माथ्यावर आरसीसीचा पट्टा घालून छपराचा सांगाडा त्यातच अडकवतो, आणि वळचणीकडच्या कौलांच्या ओळी रिपांना तारेने बांधतो. खर्च थोडा वाढतो, तो अंदाजपत्रकात वेगळा दाखवतो.

दिवाळीनंतर दोन आखण्या आहेत. एका ठिकाणचा चिरा आत्ताच उतरवून ठेवलाय. खाणीतून नुकता काढलेला चिरा मऊ असतो, हवेवर राहिला की कडक होतो.