पर्जन्यमापकाचा चार्ट, लॉग ४: मेमरीची गळती

मागच्या लॉगमध्ये मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की गच्चीवरचा पर्जन्यमापक रास्पबेरी पाय झिरो २ डब्ल्यू या चिमुकल्या कॉम्प्युटरवर (पुढे नुसतं ‘पाय’) नीट चालतोय. चालतोय, पण पहाटेपर्यंतच. संध्याकाळी सुरू केलेली स्क्रिप्ट दहा-अकरा तासांत गचकते. दोनदा वाटलं, वीज गेली असेल. चिपळूणात जुलैमध्ये वीज जाणं ही काही बातमी नाही. तिसऱ्यांदा वीज होती. जर्नल (सिस्टिमची नोंदवही) उघडलं तर ओओएम किलरने, म्हणजे मेमरी संपली की प्रोग्रॅम बंद पाडणाऱ्या यंत्रणेने, प्रोसेस मारलेली.

काम तसं किरकोळ. दर मिनिटाला पावसाची नोंद आणि दर ५ मिनिटांनी शेवटच्या २४ तासांचा चार्ट मॅटप्लॉटलिबने (पायथनची आलेख काढायची लायब्ररी) काढून पीएनजी सेव्ह करायचा. पायची रॅम ५१२ एमबी. मेमरी कार्ड टिकावं म्हणून स्वॅप (रॅम कमी पडली की कार्डावरची जागा वापरणारी सोय) मीच बंद केलेला.

शनिवार

पायसमोर ताटकळण्यात अर्थ नव्हता. लॅपटॉपवर मधला स्लीप काढून तोच लूप पळवला आणि दर ५० चार्टनंतर आरएसएस (प्रोग्रॅमने प्रत्यक्षात व्यापलेली रॅम) लिहून घेतला. १०० चार्टमध्ये ९५ एमबीवरून ३६५. रेघ पट्टीने आखल्यासारखी सरळ, चार्टमागे २.७ एमबी.

ट्रेसमॅलॉक लावला, म्हणजे कोणत्या ओळीने किती मेमरी घेतली ते दाखवणारं पायथनचं साधन. त्याने चार्टमागे जेमतेम ३०० केबी दाखवले, तेही सगळे मॅटप्लॉटलिबच्याच फायलींमधल्या ओळींवर. लायब्ररीच गळकी आहे असं मी ठरवूनही टाकलं. चोर सोडून संन्याशाला फाशी.

बाकीचे २.४ एमबी कुठे गेले, ते कागदावर गुणाकार केल्यावर कळलं. चार्ट १००० बाय ६०० पिक्सेलचा, पिक्सेलला ४ बाइट, म्हणजे बरोबर २४ लाख बाइट. हा बफर अ‍ॅग बॅकएंडच्या (मॅटप्लॉटलिबचा चित्र रंगवणारा भाग) सी++ कोडमध्ये तयार होतो. ट्रेसमॅलॉकला पायथनच्या अ‍ॅलोकेटरमधून गेलेली किंवा त्याला मुद्दाम कळवलेली मेमरीच दिसते. हा बफर त्याच्या नजरेत येतच नाही. म्हणून आरएसएस आणि ट्रेसमॅलॉक दोन्ही शेजारी ठेवून बघा.

दुसरी गंमत अशी की ट्रेसमॅलॉक आपणहून स्टॅकची एकच फ्रेम ठेवतो, म्हणजे कोणी कोणाला बोलावलं या साखळीतली फक्त शेवटची कडी. कौलारू घरात राहिलेल्यांना हे लगेच कळेल: पाणी ठिबकतं पडवीत, फुटलेलं कौल असतं वर आढ्याजवळ. ट्रेसमॅलॉक सुरू करताना २५ फ्रेम मागितल्या तेव्हा सगळा माग माझ्याच फाइलीतल्या पीएलटी डॉट सबप्लॉट्सच्या ओळीवर येऊन थांबला.

पायप्लॉट (मॅटप्लॉटलिबचा रोजच्या वापरातला भाग, पीएलटी म्हणजे तोच) उघडलेल्या प्रत्येक फिगरची, म्हणजे चित्राची, नोंद स्वतःकडे ठेवतं, आणि आपण क्लोज म्हणेपर्यंत सोडत नाही. मी फिगरवर डेल मारून बघितलं, जीसी कलेक्ट करून (नको असलेली मेमरी गोळा करायला सांगून) बघितलं, ढिम्म फरक नाही. सीएलएफ या आज्ञेने आतला मजकूर पुसला जातो, कॅनव्हास तसाच राहतो. गेट फिगनम्सची (उघड्या फिगरची यादी) लांबी छापली: १००. आता आणखी पुरावा काय हवा?

याची सूचना मॅटप्लॉटलिब स्वतःहून देतं. २० पेक्षा जास्त फिगर उघड्या राहिल्या की वॉर्निंग येते. मला आली नाही, कारण फाइलीच्या वरच सगळ्या वॉर्निंग गप्प करणारी ओळ होती. मीच घातलेली. अक्षावर ‘पाऊस’ लिहिलं होतं, मॅटप्लॉटलिबच्या डेजाव्हू सान्स फॉन्टमध्ये देवनागरी नाही, त्यामुळे ‘ग्लिफ २३४६ नाही’ (तो आपला प) असा रतीब सुरू झाला होता. नंतर नोटो फॉन्ट घातला, पण ती ओळ काढायची राहिली.

पायप्लॉट पूर्ण काढून टाकलं. आता थेट फिगर क्लास, एकच फिगर, आणि दर वेळी सेट डेटाने त्याच रेषेत नवे आकडे. ५०० चार्टनंतर १०५ एमबी. वरचे १० एमबी सुरुवातीचे असतील, फॉन्टबिन्ट, असं म्हणून झोपलो.

गुरुवार

नव्हते ते फॉन्टबिन्ट. पायवर चार दिवसांत ९८ वरून १११. दिवसाला ३ एमबीच्या वर, म्हणजे हस्ताचा पाऊस पडत असताना पुन्हा गचकलं असतं.

ही गळती मात्र ट्रेसमॅलॉकने झटक्यात पकडली, कारण नमपाय ही आकडेमोडीची लायब्ररी आपले अ‍ॅरे त्याला कळवतं. लॅपटॉपवरच ५० चार्टनंतर एक स्नॅपशॉट, ३५० नंतर दुसरा, आणि दोन्हींची तुलना: पहिल्याच ओळीवर माझं स्मूदिंगचं फंक्शन, चार्टमागे साडेअकरा केबी. १४४० नोंदी गुणिले ८ बाइट. त्या फंक्शनवर मी कधीतरी वेग वाढवायला एलआरयू कॅश (आधी काढलेली उत्तरं साठवून पुन्हा वापरणारी सोय) लावला होता, मॅक्ससाइझ नन, म्हणजे साठवण्याला मर्यादाच नाही. अ‍ॅरे हॅश होत नाही म्हणून उत्तर शोधायची खूण (key) म्हणून वेळ दिलेली, तीही मायक्रोसेकंदांसकट, म्हणजे दर वेळी नवी. कॅश इन्फो छापलं: हिट ०, मिस ३५०. एकदाही उपयोगी न पडलेला कॅश! डेकोरेटर (कॅश लावणारी ओळ) उडवला. वेगात काडीचा फरक पडला नाही.

पुढचा गुरुवार

सात दिवस झाले, आरएसएस १०१ ते १०३ मध्ये हेलकावे खातोय. एकदा चढून स्थिरावलेल्या आकड्याच्या मागे मी लागत नाही. चढतच राहिला तरच.

वॉर्निंग आता चालू ठेवल्यात. चार्टवर एक खोट उरलीय, तिला मात्र कुठलीच वॉर्निंग येत नाही: ‘मिमी’ मधली पहिली वेलांटी म च्या आधी यायच्या ऐवजी नंतर जाऊन बसते. तूर्त तिथे ‘मिमी’ ऐवजी इंग्रजीत लिहून वेळ मारून नेलीय. कोणी मॅटप्लॉटलिबवर देवनागरी जोडणी नीट जमवली असेल तर सांगा.